घोट्याएवढ्या उंचीवरचा गारठा

संक्रांत दोन दिवसांवर आली होती. सकाळी साडेसहाला मामेबहिणीचा फोन आला. "आक्का, पिल्लं मराय लागल्यात. अकरा गेली रातीत. मानमोडी आली म्हणत्यात सगळी. तू ये की." मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा जीवघेणा साथीचा रोग.

तिचं गाव पन्हाळ्याच्या उत्तर अंगाला, वारणेकडं उतरणाऱ्या उतारावर. मी करवीर तालुक्यातली. गेली ११ वर्षं एक दिवसाची पिल्लं आणते, चार आठवडे सांभाळते आणि मग आजूबाजूच्या गावांत परड्यात पाळायला विकते. त्यामुळं नात्यात कुणाच्या कोंबडीनं मान टाकली तरी पहिला फोन मला येतो. या खेपेचं सगळं सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं, कारण यात एका घरात, चार दिवसांत, ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या जागेच्या, जवळजवळ सगळ्या चुका झाल्या आणि त्या तिथल्या तिथं दुरुस्तही करता आल्या. घरातली माणसं कष्टाळू आहेत. हयगय कुणीच केली नव्हती.

दीड एकर ऊस आहे त्यांचा. उसाचा पैसा वर्षातनं कधीतरी हातात येतो. रोजचा मीठमिरचीचा खर्च अंड्यांवर निघावा म्हणून दोघांनी २०० गिरिराज जातीची पिल्लं बोलावली. हॅचरीनं, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या केंद्रानं, वर चार जादा दिली होती, म्हणजे २०४. परड्यातली दहा बाय बाराची जुनी खोली त्यासाठी मोकळी केली. दगड-मातीच्या भिंती, वर कौलं, खाली नुकताच घातलेला सिमेंटचा कोबा. चुना मारला, मधोमध विटांचा चौकोन रचला, आत भाताचं तूस पसरलं, त्यावर वर्तमानपत्रं. आढ्याला वायर टाकून चार बल्ब सोडले. भिंतीला थर्मामीटरही लावलं. बघणाऱ्याला वाटावं, तयारी चोख आहे.

पिल्लं दुपारी येणार होती, गाडी रात्री साडेआठला आली. बल्ब लावले ते तेव्हाच.

मी नऊला पोचले. खोलीत शिरायच्या आधी दाराबाहेरच थांबले. ही माझी सवय आहे आणि ज्याला पिल्लं सांभाळायची आहेत त्यानं ती लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. आधी ऐकायचं. ऊब मिळालेली पिल्लं हळू, मऊ आवाजात बोलत असतात, मधेमधे शांत होतात. गारठलेली पिल्लं एकसारखी, चिरक्या आवाजात ओरडतात. आत नुसता कालवा चालला होता. दार उघडलं तर चौकोनाच्या एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. खालची वर यायला धडपडताहेत, वरची आत घुसताहेत. मेलेली अकरा त्याच कोपऱ्यातली होती, चपटी झालेली, पिसं ओली.

मानमोडीचा विषय मी तिथंच मिटवला. काल-परवा अंड्यातनं बाहेर आलेलं पिल्लू आल्या रात्री मानमोडीनं मरत नाही. लागण झाल्यावर तो रोग दिसायला सहसा चार-पाच दिवस तरी जातात. शिवाय मान वाकडी नाही, पाय लुळा नाही, तोंडानं श्वास नाही. ही पिल्लं दबून, गुदमरून गेली होती. तरी घरच्यांच्या मनात शंका राहायला नको, म्हणून दाजींना दोन मेलेली पिल्लं पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी उघडून दाखवलं: पोटात जन्माचा बलक अजून आहे, गळ्यातली पिशवी पार रिकामी, रोगाची खूण नाही. औषध दुकानातनं रात्रीच आणलेली पावडर पाण्यात कालवून ठेवली होती, ते कडू पाणी ओतून दिलं. तहानलेलं पिल्लू कडू पाण्याला चोच लावून मागं सरतं, आणि या वयात पाणी टाळणं म्हणजे निम्मं मरण.

मग मी सात-आठ जिवंत पिल्लं एकेक करून उचलली आणि त्यांचे पाय गालाला लावले. बर्फासारखे. थर्मामीटर हाताशी नसलं तरी गाल सगळ्यांना असतो. पाय गार म्हणजे पिल्लू आतनं गार.

बहीण म्हणाली, "पण काटा ८४ दाखवतोय की!" दाखवतच होता. थर्मामीटर माणसाच्या छातीच्या उंचीला खिळ्याला टांगलेलं होतं आणि पिल्लू राहतं घोट्याच्या उंचीला. मी ते काढलं आणि तुसापासून दोन बोटं वर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, सुतळीनं धरलं. दोन बल्बांखाली ८० अंश फॅरेनहाइट. त्या कोपऱ्यात ६६. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीला ९५ अंश लागतात, म्हणजे ३५ सेल्सिअस. पिल्लाच्या अंगावर असते ती नुसती लव. स्वतःच्या अंगात ऊब तयार करून ती टिकवणं त्याला पहिले दोन आठवडे नीट जमत नाही. कोंबडीच्या पंखाखाली ती आयती मिळते. आपण ती दिली नाही तर ते शेजारच्या पिल्लाकडनं घेतं, आणि तिथनं ढीग सुरू होतो.

ऊब का मिळत नव्हती याची कारणं एकावर एक निघत गेली.

पहिलं बल्बांचं. चारातले दोनच पिवळे, तारेचे, १०० वॉटचे. गावातल्या दुकानात तेवढेच शिल्लक होते. उरलेले दोन एलईडी. दुकानदारानं "साठच्या बल्बाएवढाच उजेड" असं सांगून दिले आणि उजेडापुरतं ते खरंही होतं. पण ते ९ वॉटचे. एलईडी वीज वाचवतो तो उष्णता न करता; आणि आपल्याला इथं पाहिजे असते ती उष्णताच. अर्ध्या चौकोनात लख्ख उजेड आणि ऊब शून्य, असं झालं होतं. पूर्वी हा प्रश्न नव्हता, बल्ब म्हणजे गरमच. आता दुकानात तारेचा बल्ब मुद्दाम मागावा लागतो, आणि नवीन माणूस हमखास इथं फसतो. पिल्लामागं थंडीत दोन वॉट असा आमचा हिशोब असतो, म्हणजे २०० पिल्लांना ४०० वॉट. इथं खरी ऊब देणारे २०० वॉटच होते, तेही चार फुटांवर टांगलेले आणि वर झाकण काहीच नाही. सगळी धग कौलांकडं.

दुसरं खालच्या वाऱ्याचं. ते डोळ्यांना दिसत नाही. मी देवघरातनं उदबत्ती मागवली, पेटवली आणि चौकोनात खाली बसून पिल्लाच्या उंचीला धरली. धूर सरळ वर जायला हवा होता. तो आडवा झाला, दारापासून थेट त्या कोपऱ्याकडं. दाराखाली दोन बोटांची फट होती आणि विटांच्या सांध्यांतनं वारा आत येत होता. पन्हाळ्याच्या उतारावरचं पौषातलं पहाटेचं वारं ते. उभ्या माणसाला काही जाणवत नाही. मी बहिणीला बसवलं, तिचा हात तिथं धरला. ती काही बोलली नाही, उठून पोतं आणायला गेली.

तिसरं जमिनीचं. कोबा पुरता वाळलेला नव्हता आणि तूस जेमतेम अर्धा इंच. पाण्याची भांडी थेट तुसावर ठेवलेली, त्यामुळं भोवती चिखल. वर्तमानपत्र गुळगुळीत, दोन पिल्लांचे पाय बाजूला फाकायला लागले होते. आणि चौकोनाचे कोपरे. पिल्लू घाबरलं की कोपऱ्यात जातं, एक गेलं की सगळी जातात. म्हणून पिल्लांच्या घराला कोपरा ठेवायचा नाही. गोल कडं करायचं.

आधी पिल्लं वाचवायची होती. त्यांना हॅचरीच्या खोक्यांतच परत भरलं. एका खोक्यात चार कप्पे असतात, कप्प्यात २५ पिल्लं. ती खोकी स्वयंपाकघरात नेली, चुलीपासून दोन हात लांब. धूर लागायला नको. दाजी दवाखान्यातनं तसेच पुढं कोल्हापूरला गेले आणि लक्ष्मीपुरीत हिंडून १०० वॉटचे आणखी तारेचे बल्ब घेऊन आले, दोन जादा धरून. तोवर आम्ही दोघी आणि तिच्या सासूबाई कामाला लागलो.

जुनं तूस काढलं. कोब्यावर खाद्याची रिकामी कोरडी पोती अंथरली आणि त्यावर गिरणीतनं आणलेलं नवीन तूस, उन्हात हलवून, तीन इंच जाड. तूस नाकाशी धरून बघितलं. बुरशीचा कुबट वास आला असता तर परत पाठवलं असतं, कारण ती बुरशी पिल्लाच्या फुप्फुसात बसते आणि मग कुठलंही औषध चालत नाही. उसाचं कोरडं चिपाड बारीक करूनही वापरतात आपल्याकडं. चांगलं कोरडं असेल तर चालतं, पण ते ओल धरून लवकर बुरसतं. मी पहिल्या आठवड्याला तूसच पसंत करते. वर पुठ्ठा अंथरला, खरखरीत बाजू वर.

विटा काढून पत्र्याच्या दीड फूट उंच पट्टीचं गोल कडं केलं, सात फूट व्यासाचं. टाकीचं जुनं पत्र्याचं झाकण सापडलं, तीन फुटांचं. त्याला आतनं चार होल्डर बसवले, झाली छत्री. ती साखळीनं आढ्याला टांगली, तुसापासून दीड फूट वर. साखळीसोबत दुसरी मोकळी तारही बांधली. साखळी सुटून तापलेला बल्ब तुसात पडला तर खोली पेटायला किती वेळ लागणार? ही दुसरी तार मी कुणाच्याही घरी बांधल्याशिवाय निघत नाही.

बल्ब लावले आणि वाट बघितली. बहिणीला घाई झाली होती, "सोडूया की आता." पण तूस गार असताना पिल्लं सोडली तर पायातनं परत गारठा चढतो. खरं तर पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच सगळं लावून जमीन तापवायची असते. इथं तेवढा वेळ नव्हता. अडीच तासांनी छत्रीच्या कडेला, तुसाच्या दोन बोटं वर, काटा ९४ वर आला. तुसात हात खुपसला, तळाशीही कोमट लागलं. तेव्हा सोडली.

सोडताना प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवली. कोमट उकळून निवलेलं पाणी, लिटरला पन्नासेक ग्रॅम गूळ. गूळ आपल्या घरचाच असतो, पण हे पाणी पहिल्या तीन-चार तासांपुरतंच, नंतर साधं. गोड पाणी दिवसभर ठेवलं तर हगवण लागते. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाकल्या, नाहीतर पिल्लू आत बसून भिजतं. भांडी विटेवर ठेवली, छत्रीच्या अगदी खाली नाही आणि कड्यापाशीही नाही, मधल्या पट्ट्यात. अंड्यांच्या कागदी ट्रेवर मक्याचा बारीक भरडा पसरला. पिल्लू ट्रेवर चढून पायानं उकरतं, त्या आवाजानं दुसरी येतात. स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, दुसऱ्या दिवसापासून. पाचेक पिल्लांच्या ढुंगणाला शी वाळून चिकटली होती. ती ओढायची नाही, कातडी सोलते. कोमट पाण्याचा कापूस धरून भिजवली, पुसली, पिल्लू कोरडं करून छत्रीखाली ठेवलं. सासूबाईंनी हे काम आपणहून घेतलं आणि फार हळुवार केलं.

संध्याकाळी सहाला वीस पिल्लांचे गळे चाचपले. सतरांचे मऊ भरलेले, पिठाच्या गोळीसारखे. दोनांचे कडक, म्हणजे दाणा खाल्लाय, पाणी नाही. एकाचा रिकामा. दिवसभरात आणखी पाच पिल्लं गेली होती, रात्रीच्या गारठ्यातनं न सावरलेली. बाकीची छत्रीखाली आणि बाहेर सारखी पसरलेली, काही पाय ताणून झोपलेली. पिल्लं अशी पसरलेली दिसली की मला काटा बघायची गरज वाटत नाही. छत्रीखाली गर्दी म्हणजे थंडी, सगळी कड्याला चिकटून चोच उघडी, पंख ढिले म्हणजे उकाडा, सगळी एकाच बाजूला म्हणजे वारा. मी निघाले.

माझी चूक इथं झाली. छत्री कशी वरखाली करायची ते सांगितलं, पण हवा मोकळी ठेवायची हे मी नीट बजावलं नाही.

पहिल्या रात्रीचा धसका सासूबाईंच्या मनात बसला होता. रात्री दहाला गारठा वाढला तसं त्यांनी खिडकीला प्लॅस्टिक ठोकलं, कौलांखालच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दाराला पोतं लावलं आणि आत कोळशाची शेगडी ठेवली. राखण म्हणून स्वतःही तिथंच आडव्या झाल्या. पहाटे पाचला त्यांचं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. नशीब म्हणून उठून दार उघडलं. पिल्लं सुस्त, डोळे मिटलेली, काही उघड्या चोचीनं धापा टाकणारी. चार मेलेली.

फोनवर ऐकताना माझे हातपाय गार पडले. पिल्लांपेक्षा म्हातारीची काळजी वाटली. कोंदलेल्या खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. त्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत बसवायला आणि नंतर डॉक्टरांकडं न्यायला सांगितलं. दुपारपर्यंत त्या सावरल्या.

परत गेले तेव्हा मी पहिल्यांदा चिंध्या काढल्या. वारा खालून नको, पण हवा वरनं पाहिजे, हे एवढंच मला आदल्या दिवशी सांगायचं राहिलं होतं. ऊब आणि कोंदटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालचे तीन फूट पोत्यानं गच्च बंद, कौलांखालची वीतभर फट चोवीस तास उघडी. गरम, ओली हवा आणि विष्ठेचा अमोनिया तिथनं निघून जातो. खोलीत खाली बसल्यावर आपले डोळे चुरचुरले तर पिल्लांचे केव्हाच चुरचुरलेले असतात. शेगडी त्या खोलीत पुन्हा न्यायची नाही असं ठरलं आणि सासूबाईंनीच ती उचलून माळ्यावर टाकली.

चौथ्या रात्री लाइट गेली. यावेळी घर तयार होतं. चुलीवर पाणी तापत ठेवलं होतंच. दोन स्टीलच्या कळश्या गरम पाण्यानं भरून, तोंड घट्ट बांधून, पोत्यात गुंडाळून कड्याच्या मध्ये ठेवल्या, कडं आवळून लहान केलं, वरनं अर्ध्या भागावर घोंगडं टाकलं, अर्धा उघडा. दर दीड तासानं पाणी बदललं. पावणेचार तास लाइट नव्हती. सकाळी एकही पिल्लू गेलेलं नव्हतं. बहिणीनं फोन करून पहिल्यांदा ते सांगितलं, नमस्कार नंतर.

पुढचं सरळ गेलं. दर आठवड्याला पाच-पाच अंश उतरवत गेले, ९५, ९०, ८५, ८०. त्यासाठी छत्री वर घ्यायची आणि दिवसा ऊन असेल तेव्हा दोन बल्ब काढायचे. चारही बल्ब रात्रंदिवस चालले तर दिवसाला साडेनऊ युनिट पडतात, त्यामुळं दाजींचं त्यावर बारीक लक्ष होतं आणि मला ते बरंच वाटलं. छत्री विसरली नाही. तिसऱ्या दिवसापासून कडं रोज थोडं रुंद केलं, आठ दिवसांनी काढून टाकलं आणि खोलीचे कोपरे पुठ्ठ्यानं गोल केले. सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या साथरोगाची. दोन्ही बर्फावर ठेवलेल्या डब्यातनं, संध्याकाळच्या वेळी.

चार आठवड्यांचा हिशोब असा: २०४ आली. पहिल्या रात्री ११, दुसऱ्या दिवशी ५, शेगडीच्या रात्री ४, नंतर ६. राहिली १७८. नीट लागलेल्या ब्रूडरमध्ये पहिल्या आठवड्यात शंभरातली एक-दोन जातात, त्या मानानं हे नुकसान फार मोठं आहे आणि ते बहुतेक सगळं पहिल्या छत्तीस तासांतलं आहे. राहिलेल्यांतही पंधराएक पिल्लं मागं पडली. तिसऱ्या आठवड्यात बाकीच्यांना पंख फुटले तेव्हा ही अजून लव घेऊन हिंडत होती. आल्या रात्री गारठलेलं पिल्लू जगलं तरी पुढं बरेच दिवस मागं राहतं, हे मी माझ्याकडंही बघितलंय. ती पंधरा बहिणीनं वेगळी काढली, विकली नाहीत, घरीच ठेवली.

फेब्रुवारीत एका दुपारी तिनं पिल्लं पहिल्यांदा परड्यात सोडली. पिल्लं उंबऱ्यावर थबकली, मग एकदम बाहेर फुटली. सासूबाई काठी घेऊन घारीकडं बघत उभ्या होत्या. बहीण आत जाऊन रिकाम्या खोलीत खाली बसली होती, उदबत्ती पेटवून दाराखालच्या नव्या लाकडी पट्टीपाशी धूर कुठं जातो ते बघत. मग तिनं पुढच्या खेपेसाठी हॅचरीला फोन लावला. गाडी सकाळी दहाच्या आत पोचणार असेल तरच पाठवा, म्हणाली, आणि निघायच्या आदल्या दिवशी मला कळवा, मला जमीन तापवायची असत्या.